पाच महिने सुया लावून घेतल्यावर: ॲक्युपंक्चरने स्नायूचं आणि नसेचं दुखणं किती हलतं

ॲक्युपंक्चरबद्दलचे बरेचसे अभिप्राय दुसऱ्या-तिसऱ्या सिटिंगनंतर लिहिले जातात. तेव्हा माणूस एक तर खूष असतो, नाही तर वैतागलेला. हा अभिप्राय पाच महिन्यांच्या नियमित उपचारानंतरचा आहे. तक्रारी दोन: मान-खांद्याच्या स्नायूतल्या गाठी आणि कमरेतून पोटरीपर्यंत उतरणारी सायटिकाची कळ. दोन्हींचा निकाल वेगळा लागला, आणि एकीची मोजपट्टी दुसरीला लावली की निराशाच पदरी पडते.

आधी दुखणं कशाचं ते ठरवायला हवं. आपल्याकडे "नसेवर नस चढली" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा नसेचा काही संबंध नसतो. स्नायू आखडलेला असतो. स्नायूचं दुखणं जड आणि खोल असतं. बोटाने चाचपलं की एक टणक दोरी लागते, ती दाबली की "हो, हेच ते दुखणं" असं तोंडून निघतं, आणि शेकल्यावर बरं वाटतं. नसेचं दुखणं आग, मुंग्या, विजेसारखी चमक असं येतं, ठरावीक पट्ट्यातून उतरतं आणि शेक-मालिशीला फारशी दाद देत नाही.

फसगत होते ती खुब्यापाशी. ग्लुटियस मिनिमस नावाच्या छोट्या स्नायूतली गाठ थेट घोट्यापर्यंत कळ पाठवते, अगदी सायटिकासारखी. साधी चाचणी अशी: पाठीवर झोपायचं, गुडघा सरळ ठेवून दुसऱ्याने पाय हळूहळू उचलायचा. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली कळ उतरली तर नसेचं मूळ दबल्याचा संशय घ्यावा. फक्त मांडीच्या मागे ताण आला तर ते स्नायूचं आखडणं. आणि खुब्याच्या बाजूला अंगठ्याने खोल दाबल्यावर हुबेहूब तीच कळ उठली, तर आधी त्या स्नायूवर सुई लावून पाहण्यात अर्थ आहे. ही तपासणी न करता पहिल्याच दिवशी डोक्यापासून पायापर्यंत वीस सुया लावणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सुयांबद्दल भीती जास्त, माहिती कमी. स्टेनलेस स्टीलची भरीव सुई असते, इंजेक्शनसारखी पोकळ नाही. साधारण कामाला ०.२५ मिमी जाड आणि ४० मिमी लांब. हाताच्या बोटांना, चेहऱ्याला ०.२० मिमी जाड आणि १३ मिमी लांब. नितंबाच्या खोल बिंदूला ०.३० मिमी जाड, ७५ मिमी लांब. निर्जंतुक पाकीट आपल्यासमोर फोडलं पाहिजे आणि सुई एकदाच वापरली पाहिजे. यात तडजोड नाही. नळीतून टिचकी मारून सुई आत जाते तेव्हा मुंगी चावल्याएवढंच जाणवतं. पुढे खोलात जड, ओढल्यासारखं, पसरणारं दुखतं. चिनी परंपरेत त्याला "दे-ची" म्हणतात, आणि ते हवंच असतं. सुई आत गेल्यावरही कातडीशी चुणचुण होत राहिली तर टोक वरच अडकलंय; सांगून सुई हलवून घ्यावी. चटका बसल्यासारखी वीज धावली तर टोक नसेला लागलंय, सुई लगेच थोडी मागे घ्यायला हवी. संकोचाने गप्प पडून राहणं हा इथला सगळ्यात महागात पडणारा स्वभाव.

स्नायूच्या गाठीचं काम थेट असतं. खांद्यावरचा ट्रॅपेझियस नावाचा स्नायू चिमटीत धरून छातीपासून वर उचलतात आणि सुई आडवी, चिमटीतल्या चिमटीत घालतात. हा तपशील लक्षात ठेवा, कारण त्याच्या खालीच फुप्फुसाचं टोक असतं. सुई गाठीत अचूक गेली की स्नायू मासळीसारखा एकदा फडफडतो. ती फडफड आली की काम नेमक्या जागी झालं असं समजतात. काही जण सुई चार-सहा वेळा वरखाली करून लगेच काढतात, काही १०-१५ मिनिटं ठेवतात. आमच्या अनुभवात परिणामात फरक नाही. पहिल्या पद्धतीत दुसऱ्या दिवशीचा ठणका मात्र जास्त. हा ठणका २४ ते ४८ तास राहतो, व्यायामशाळेतल्या पहिल्या दिवसासारखा. कोमट शेक, हलकी हालचाल, आणि त्या दिवशी वजन उचलायचं नाही. "सुई लावली आणि दुखणं वाढलं" म्हणून पुष्कळ जण इथेच सोडून देतात.

गाठींचा हिशेब असा लागला. पहिल्या सिटिंगनंतर आराम दीड-दोन दिवस. चौथीनंतर आठवडाभर. सहावीपर्यंत मान दोन्हीकडे सारखी वळू लागली. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, अशा सहा सिटिंग पुरतात. चौथ्यापर्यंत काहीच फरक नसेल तर गाठ चुकली आहे किंवा निदान. बसण्याची तऱ्हा तीच राहिली, मान पुढे काढून तासन्‌तास पडद्याकडे पाहणं तसंच चालू राहिलं, तर दोन-तीन आठवड्यांत गाठ परत येते. खांद्याची पाती मागे खेचण्याचे व्यायाम रोज केले तेव्हाच ती थांबली.

नसेकडे वेगळ्या चालीने जावं लागतं. सायटिकासाठी कुशीवर झोपवून, वरचा पाय वाकवून, मणक्याच्या मधल्या रेषेपासून अर्धा अंगठा बाहेर, कमरेच्या खालच्या मणक्यांच्या पातळीवर दोन-तीन सुया घालतात (अंगठा म्हणजे ज्याला सुया लावायच्या त्याच्या अंगठ्याच्या पेराची रुंदी, लावणाऱ्याच्या नव्हे). मग ठरलेले बिंदू, ज्यांना ॲक्युपंक्चरमध्ये अशी अक्षर-आकड्यांची नावं आहेत: नितंबात जीबी-३०, गुडघ्यामागच्या घडीत बीएल-४०, गुडघ्याखाली बाहेरच्या हाडाच्या गोळ्यापुढे जीबी-३४, बाहेरच्या घोट्यामागे बीएल-६०. सुया २०-३० मिनिटं राहतात. जीबी-३० ला पावलापर्यंत वीज उतरली म्हणजे उत्तम काम झालं, असं जुने वैद्य मानतात. एकदा उतरली तर ठीक. पुन्हापुन्हा नसेवरच टोचत राहणं म्हणजे आधीच चिडलेल्या नसेला डिवचणं. बीएल-४० च्या खाली मोठी धमनी आहे, तिथे खोली वाढवायची नाही. मनगटातली नस दबली असेल तर पीसी-६ आणि पीसी-७ वापरतात. पीसी-६ खाली तीच नस असते, म्हणून मधल्या बोटात झटका आला की थांबायचं.

जिथे नुसतं कापड लागलं तरी आग होते, नागिणीनंतरच्या दुखण्यात होते तशी, तिथे त्या कातडीवर सुई लावत नाहीत. पट्ट्याच्या कडेने, पाठीच्या कण्याजवळ किंवा विरुद्ध बाजूला लावतात. मधुमेहात तळपाय बधिर असतील तर बोटांच्या बेचक्यांतले चार-चार बिंदू वापरतात, पण कातडी शाबूत हवी, आणि शेकाचा दिवा पायाशी लावायचा नाही. बधिर पायाला भाजल्याचं कळत नाही.

सुयांतून मंद वीज सोडणारं यंत्र जोडल्यावर नसेच्या दुखण्यात फरक जास्त जाणवला, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त. चिमटे सुयांना जोडण्याआधी सगळी बटणं शून्यावर आहेत ना पाहावं. एका जोडीच्या दोन्ही तारा शरीराच्या एकाच बाजूला. छातीतून आरपार कधीच नाही. हृदयात पेसमेकर असेल तर यंत्र नको. प्रवाह हळूहळू वाढवून स्नायू टिकटिक उडताना दिसेल इतपत ठेवतात, दुखेपर्यंत नाही. पाच-सात मिनिटांत सवय होऊन जाणीव बोथट होते, तेव्हा किंचित वाढवायचं. सेकंदाला २ ठोक्यांची मंद गती एन्केफॅलिन आणि एंडॉर्फिन ही शरीराची स्वतःची वेदनाशामक रसायनं सोडवते, १०० ची जलद गती डायनॉर्फिन हे त्याच जातीचं रसायन. म्हणून बरेच जण दोन्ही गती आलटूनपालटून लावतात. नेहमीची खोट म्हणजे सैल चिमटा. प्रवाह तुटतो, परत जुळतो आणि पाय लाथ मारल्यासारखा उडतो. अशा वेळी बटण शून्यावर आणूनच चिमटा नीट करावा. काढतानाही क्रम तोच: बटण, चिमटा, सुई.

सायटिकात सगळ्यात आधी बदलली ती झोप. तिसऱ्या-चौथ्या सिटिंगपासून रात्री कळीने जाग येणं कमी झालं, दिवसाची कळ मात्र तशीच. आठवड्यातून दोनदा या हिशेबाने चौथ्या-पाचव्या आठवड्यात कळ पोटरीतून मांडीत, मग नितंबात सरकली. त्या काळात कंबर उलट जास्त दुखते आणि माणूस घाबरतो, पण कळ वर सरकणं हे चांगलं लक्षण. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर ७ वरून ३ पर्यंत यायला बारा सिटिंग गेल्या. पावलाच्या बाहेरच्या कडेचा बधिरपणा मात्र पाच महिन्यांनीही थोडा उरलाच आहे. सुई दुखण्याचा आवाज कमी करते. दबलेली नस मोकळी करत नाही.

शिवाय सायटिका पुष्कळांची सहा ते बारा आठवड्यांत आपोआपही उतरते. तेव्हा ७ चं ३ झालं त्यात सुईचा वाटा किती आणि दिवसांचा किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही. मोठ्या अभ्यासांचं चित्रही असंच दुहेरी आहे. २०१८ मध्ये ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. त्यात पाठ-मान, खांदा, गुडघा आणि डोकेदुखीत खऱ्या सुयांचा फायदा तुलनेसाठी लावलेल्या खोट्या, नुसता भास देणाऱ्या सुयांपेक्षा जास्त दिसला, आणि वर्षभरानंतर तो सुमारे १५ टक्क्यांनीच घटला. पण २००७ च्या मोठ्या जर्मन चाचणीत कंबरदुखीला खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के, चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के लोकांना गुण आला. म्हणजे बिंदू तंतोतंत तोच हवा, हा आग्रह जरा सैल धरायला हरकत नाही. नसेच्या दुखण्याबद्दल २०१७ च्या कॉक्रेन आढाव्याने (उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) पुरेसा पुरावा नाही असंच म्हटलं. उपचारांबाबत शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखी-सायटिकासाठी ॲक्युपंक्चर देऊ नका म्हटलं, आणि २०२१ मध्ये कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी विचारात घ्या म्हटलं.

किरकोळ बिघाड ठरलेले आहेत. रिकाम्या पोटी, बसून पहिली सिटिंग घेतली की घाम फुटून भोवळ येते; सगळ्या सुया काढून आडवं करायचं, पाय उंच. पोटरीत गोळा आला की सुई अडकते; ती ओढायची नाही, आजूबाजूला हलकं चोळून स्नायू सैल होऊ द्यायचा. काढल्यावर अर्धा मिनिट कापसाने दाबलं तर काळंनिळं कमी होतं. लावलेल्या आणि काढलेल्या सुया मोजायच्या. कपड्यात राहिलेली सुई घरी सापडते, हे ऐकायला वाटतं तितकं दुर्मीळ नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, काखेतल्या गाठी काढल्यानंतर सुजणारा हात, हे आधी सांगायचं.

खांदा-पाठीला सुया लावल्यानंतर काही तासांनीही छातीत टोचणारी कळ, कोरडा खोकला, धाप लागली तर थेट रुग्णालय. जांघांच्या आतल्या भागात आणि बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं, पाऊल उचलता न येणं यांतलं काही झालं तर त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे. सुयांची पुढची वेळ रद्द करायची.

वहीत तीनच रकाने ठेवले: शून्य ते दहा दुखणं, रात्री किती वेळा जाग आली, न थांबता किती मिनिटं चालता आलं. आकडा दोनने किंवा सुमारे ३० टक्क्यांनी उतरला तर तो खरा फरक मानतात. स्नायूसाठी सहा आणि नसेसाठी दहा सिटिंगनंतर वहीत तो दिसला नाही, तर पुढचं पाकीट फोडू देऊ नये. दिसला तर आठवड्यावरून पंधरवड्यावर, मग महिन्यावर जावं. आमच्या वहीत खांद्याची शेवटची सिटिंग तिसऱ्या महिन्यातली आहे. सायटिकाची महिन्यातून एक अजून चालू आहे.