पीएस५ आणि कॉम्प्युटर जोडायचेत: वायफाय, केबल की थेट वायर?

हॉलमध्ये पीएस५ (सोनीचा गेम कन्सोल), आतल्या खोलीत कॉम्प्युटर, आणि रिमोट प्ले, म्हणजे कन्सोलवरचा गेम कॉम्प्युटरच्या पडद्यावर खेळायची सोय, लावलं की चित्र अडकतं. अशा वेळी बरेच जण आधी इंटरनेटचा प्लॅन वाढवतात. कृपा करून ते करू नका. दोन्ही घरातच असतील तर चित्र कन्सोलवरून राउटरवर आणि तिथून कॉम्प्युटरवर जातं. बाहेरची लाइन लागते ती लॉग-इनपुरती. सोनी रिमोट प्लेसाठी किमान ५ आणि चांगल्या चित्रासाठी १५ एमबीपीएस सांगते. तेवढं साधा राउटरही देतो, वाट मोकळी असली की झालं.

दोन्ही वायफायवर ठेवलं तर एकच डेटा हवेतून दोनदा जातो. त्यात वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एखाद्या सोसायटीत वायफायचे चॅनेल दाखवणारं ॲप उघडून बघा, वरच्या-खालच्या मजल्यांचे बहुतेक राउटर त्याच तीन चॅनेलवर दाटलेले दिसतील. ५ गिगाहर्ट्झ त्यामानाने मोकळा, पण भिंतीपुढे तो लवकर दमतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात, जाड भिंतींच्या घरात, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि २०१३ चा पहिला पीएस४ असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही.

म्हणून माझं मत केबलच्या बाजूने. दोन्हीकडे नेता आली तर उत्तमच. एकच न्यायची असेल तर कन्सोलला न्या. राउटर बहुधा टीव्हीजवळच असतो, भिंत फोडावी लागत नाही आणि हवेतला एक फेरा वाचतो. कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल घ्या. विंडोजमध्ये लिंक स्पीड १००० ऐवजी १०० एमबीपीएस दिसला तर केबलच्या आठ तारांपैकी एखादी निसटलेली असू शकते किंवा राउटरचा पोर्टच १०० चा असतो. रिमोट प्ले तेवढ्यावरही नीट चालतं.

कॉम्प्युटरवरून कन्सोलला थेट वायर टाकून विंडोजचं इंटरनेट शेअरिंग लावता येतं, पण कॉम्प्युटर सतत चालू ठेवावा लागतो आणि ऑनलाइन गेममध्ये नॅटची (एकच बाहेरचा पत्ता अनेक उपकरणांत वाटून देण्याची) कटकट वाढते. तात्पुरतं ठीक.

केबल लावूनही कॉम्प्युटरला कन्सोल सापडत नसेल, तर दोन्हींचे आयपी पत्ते (नेटवर्कवरचे आकडी पत्ते) शेजारी लिहा. एक १९२.१६८.१.५ आणि दुसरा १९२.१६८.०.७ असा निघाला तर घरात दोन राउटर वेगवेगळं नेटवर्क चालवताहेत: एक फायबरवाल्याने बसवलेला, दुसरा तुम्ही आणलेला. तुमचा ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता पहिल्याचंच नेटवर्क पुढे देईल. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या उपकरणाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. आधी केबल आणि पोर्ट बदलून बघा. पत्ते जुळत असूनही अडत असेल तर दोन्हींपैकी एखादं उपकरण गेस्ट वायफायवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) आहे का तपासा. त्यावरची उपकरणं बहुतेक राउटर एकमेकांना दिसूच देत नाहीत.