दहा टक्के की अख्खं अंदाजपत्रक? महिला सभेचा वेळ कुठे लावावा

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावेच लागतात, त्यात निवड नाही. निवड आहे ती ग्रामसभेआधीच्या महिला सभेने मेहनत कुठे लावायची याची. एक वाट हा राखीव निधी नीट वापरण्याची. दुसरी, नमुना १ मधल्या (म्हणजे ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकातल्या) प्रत्येक कामासमोर ‘यातून बायांना काय’ हे लिहून काढण्याची. केंद्र सरकार २००५-०६ पासून अर्थसंकल्पासोबत जेंडर बजेटचं, म्हणजे कोणत्या योजनेतून महिलांसाठी किती पैसा याचं, विवरण देतं, ते या दुसऱ्या जातीचं. त्यात भाग ‘अ’मध्ये शंभर टक्के महिलांसाठीच्या योजना येतात आणि भाग ‘ब’मध्ये ३० ते ९९ टक्केवाल्या.

राखीव निधीची मोठी जमेची बाजू म्हणजे ऑडिट. रक्कम वेगळी दिसते, खर्च झाला नाही तर आक्षेप निघतो, आणि मासिक सभेत एकट्या पडलेल्या सदस्य बाईलाही बोट ठेवायला आकडा मिळतो. दुसऱ्या पद्धतीत हे बळ नाही, हे मान्यच करावं लागेल.

पण हे १० टक्के कशाचे, तिथे गाडी अडते. समजा घरपट्टी-पाणीपट्टी धरून कराची मागणी ५ लाखांची आहे. अंदाजपत्रकात ५० हजार लिहिले जातात. वसुली ६० टक्के झाली, तर हाती येतात ३० हजार. तेही कधी? आपल्याकडे कर भरला जातो तो कापूस, तूर विकल्यावर, म्हणजे बहुतेक फेब्रुवारी-मार्चात. वर्षभर ‘पैसा आला की बघू’ आणि ३१ मार्चच्या तोंडावर चार शिलाई मशीन किंवा बचत गटाला सतरंज्या. त्यात कोणाचा खोटेपणा असतोच असं नाही, आठ दिवसांत दुसरं काही खरेदी करताच येत नाही. आमचा कल दुसऱ्या पद्धतीकडे झुकला तो मुख्यतः या मार्चपायी.

त्याच गावाला वित्त आयोगाचे १० लाख येत असतील, तर पंधराव्या आयोगाच्या (२०२१-२६) नियमाने त्यातले ६० टक्के, म्हणजे ६ लाख, पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले. पाणी भरणारी कोण, हे विदर्भात सांगायला नको. ३० हजारांवर दोन तास वाद घालायचा आणि ६ लाखांचा नळ कोणत्या वॉर्डात, हे दहा मिनिटांत मंजूर करायचं, हा हिशोब पटत नाही.

करायचं कसं? वेगळ्या रजिस्टरमध्ये कामाचं नाव, रक्कम, आणि तिसऱ्या रकान्यात एका ओळीचं कारण. तीस-चाळीस कामं असली तर दोन संध्याकाळी पुरतात. कारण लिहिणं मात्र सोडू नका. नाहीतर सिमेंट रस्त्यासमोर ‘महिला ५० टक्के’ पडतं, कारण गावात निम्म्या बाया आहेत! तिथे विचारायचं ते असं: याच पैशात निंदणाला, वेचणीला जाणाऱ्या बायांचा पांदण रस्ता झाला असता का? पथदिवा चौकात हवा की शौचालयाच्या वाटेवर? काही उत्तरं तर फुकटात मिळतात. नळ सकाळी ११ ला सुटत असेल, तर वावरात गेलेल्या बाईला त्याचा उपयोग शून्य. पंपाची वेळ बदलायला निधी लागत नाही, वीज त्या वेळी असली म्हणजे झालं.

अडचणी आहेतच. ग्रामसेवकाकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी) दोन-तीन गावं असतात, त्यांना हे जादा काम वाटतं. म्हणून रजिस्टर सदस्यांनीच ठेवलेलं बरं. ग्रामपंचायत विकास आराखड्यात नऊ संकल्पनांपैकी एक महिलास्नेही गावाची आहे. पण तिच्याखाली मेळावा, हळदीकुंकू, जनजागृती असे बिनखर्चाचे उपक्रम टाकून मोकळं होण्याची सवय पडलेली दिसते. रकमेचं काम आहे का, एवढं तपासा.

सगळीकडे हेच चालेल असं नाही. चंद्रपूर-वणीच्या कोळसा पट्ट्यात किंवा एमआयडीसीलगत जिथे स्वउत्पन्नच मोठं आहे, तिथे १० टक्के ही खरी रक्कम असते आणि वर्षभर येत राहते. तिथे आधी राखीव निधीचाच आराखडा धरावा. गडचिरोली, मेळघाटातल्या पेसा गावांत (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या) आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला पैसा, ग्रामसभा कोषात येतो. त्याचा वापर ग्रामसभाच ठरवते, म्हणून तिथे तिसरा रकाना आणखी कामाचा.

कोणतीही पद्धत घ्या, ग्रामसभेआधीची महिला सभा २ ऑक्टोबरच्या तोंडावर दिवसा ठेवू नका. तेव्हा सोयाबीनची सोंगणी असते, रोज बुडवून कोणी येत नाही, आणि सह्यांचं रजिस्टर मग घरोघरी फिरतं. रात्री आठनंतर, जेवणं आटोपल्यावर, अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात बोलवा.