आरपीएफ१ की टीई३७? आणि लिप फायबरची की युरेथेनची?

पहिल्या पिढीची टोयोटा ८६ किंवा सुबारू बीआरझेड घेतली की दोन खर्च ठरलेलेच: चाकं आणि पुढच्या बंपरखालची लिप, म्हणजे तिथे जोडायची पट्टी. चाकांवर लोक महिनोन्‌महिने वाद घालतात. माझ्या मते तो प्रश्न त्यामानाने सोपा आहे, पस्तावा होतो तो लिपवर.

आधी चाकांचं उरकू. रेज कंपनीचं टीई३७ फोर्ज्ड (दाबून घडवलेलं), एन्केई कंपनीचं आरपीएफ१ कास्ट (साच्यात ओतलेलं). १७ इंची मापात दोन्ही हातात धरली तर वजनातला फरक फारसा कळत नाही, किमतीत मात्र दुपटीहून जास्त अंतर आहे. खड्ड्यात जोरात आदळलं तर फोर्ज्ड चाक सहसा वाकतं, कास्टला तडा जायची भीती अधिक. त्यामुळे नियमित ट्रॅकवर जाणाऱ्याने टीई३७ घ्यावं, विकतानाही त्याला भाव मिळतो. रोजच्या वापराला १७x८ (इंचात व्यास आणि रुंदी), ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या बाजूचं अंतर, मिमीत) +४५ चं आरपीएफ१ आणि २२५/४५ टायर पुरेसे आहेत. मूळ १७x७, +४८ चाकाच्या तुलनेत ते साधारण १६ मिमी बाहेर येतं आणि १० मिमी आत जातं.

बसवताना दोन ठिकाणी घोळ होतो. गाडीचा हब (चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग) ५६.१ मिमीचा, आरपीएफ१ चं मधलं भोक ७३.१. मधली फट भरणारी रिंग न घालता चाक लावलं आणि ते जरा जरी बाजूला बसलं, तर महामार्गाच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि दोष उगाच बॅलन्सिंगला दिला जातो. दुसरं, बॅज टोयोटाचा असला तरी स्टड (ज्यांवर नट बसतात ते बोल्ट) सुबारूचे आहेत, एम१२x१.२५, म्हणजे १२ मिमी जाड आणि दोन आट्यांतलं अंतर (पिच) १.२५ मिमी. टोयोटाचे नेहमीचे १.५ पिचचे नट एक-दोन आटे जातात आणि अडकतात. तिथे नट कसायची इम्पॅक्ट गन चालवली की स्टड गेलाच. नट आधी हाताने फिरवा, मग १२० न्यूटन-मीटरला कसा, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

आता लिप. फायबरची (काचतंतू आणि रेझिनची) लिप दिसायला सरस, हे मान्य. कडा धारदार येते, रंग आरशासारखा बसतो आणि तुटली तर काचतंतूची मॅट आणि रेझिन लावून जोडता येते. पण बंपर प्लास्टिकचा, तो उन्हात फायबरपेक्षा जास्त फुगतो. स्क्रू घट्ट असला की सगळा ताण भोकाभोवती येतो आणि जेलकोटवर (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर) केसाएवढ्या बारीक, चांदणीसारख्या चिरा उमटतात. पुटी भरून पुन्हा रंगवलं तरी पुढच्या उन्हाळ्यात त्या तिथेच वर येतात. माझ्यापुरता निकाल या चिरांनीच लावला. फायबरच घ्यायची असेल तर ५ मिमी स्क्रूला ७ मिमीचं भोक पाडा, खाली रुंद वॉशर घाला, आणि रंगाआधी एकदा कोरडी बसवून पाहा. भोकं जुळत नाहीत, कडा घासावी लागते, हे जवळजवळ गृहीतच धरा.

युरेथेन (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) जड आहे आणि कडा थोडी बोथट दिसते. स्क्रू लांब-लांब असले तर उन्हात मधे झोळ पडतो, म्हणून १५ सेंमीहून जास्त अंतर ठेवू नये. रंगात लवचिकपणासाठीचं फ्लेक्स मिश्रण घातलं नाही तर पापुद्रे सुटतात. पण पार्किंगच्या उतारावर ती घासते, दबते आणि परत जागेवर येते. न रंगवता काळीच ठेवली तर खालचे ओरखडे नजरेत येत नाहीत आणि रंगाचा खर्चही वाचतो. प्रदर्शनात गाडी उभी करायची असेल तर तुमचा कौल वेगळा असू शकतो, रोज चालवायची असेल तर मी युरेथेनकडे झुकेन आणि उरलेले पैसे चांगल्या टायरला लावेन.

लिप कुठलीही असो, वरच्या कडेला व्हीएचबी टेप (घट्ट चिकटणारी दुहेरी टेप) लागतेच. बंपर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, थंडीच्या सकाळी हे काम काढू नका. टेपची पकड पूर्ण व्हायला ७२ तास लागतात, तोवर गाडीवर प्रेशर वॉशर नको.