इंजिनएक्स सोर्समधून कंपाइल केलं: मागाल तेवढंच मिळेल, एक दाणा जास्त नाही

आधीच सांगते, पॅकेज मॅनेजरने इंजिनएक्स (nginx, वेबसाइटची पानं देणारं वेब सर्व्हर सॉफ्टवेअर) एका ओळीत बसतं आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. मलाही पुरत होतं, पण मग एचटीटीपी-३ ची, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांच्या नव्या आवृत्तीची, हौस आली. तो सपोर्ट मुख्य सोर्समध्ये आला १.२५.० पासून, म्हणजे मे २०२३, आणि माझ्या सर्व्हरवरचं डिस्ट्रोचं (लिनक्स वितरणाचं) पॅकेज त्याच्याही मागचं होतं. अधिकृत रेपोतून नवीन तयार पॅकेज मिळतं खरं, पण मला ब्रॉटली कॉम्प्रेशनचं मॉड्यूलही हवं होतं, ते बाहेरून आणून आत घालावं लागतं, मग म्हटलं जाऊ दे, एकदाच काय ते स्वतः कंपाइल करू, म्हणजे सोर्स कोडवरून चालणारा प्रोग्रॅम आपणच बनवू. दोन रात्री गेल्या. त्यातल्या दीड रात्रीची चूक माझी, सॉफ्टवेअरची नाही.

पहिलं कौतुक आकाराचं. सोर्सचं टारबॉल जेमतेम एक-सव्वा एमबीचं, सी मध्ये लिहिलेलं, आणि कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल या तीन पायऱ्या. साध्या मशीनवरही मेक फार वेळ घेत नाही. अपाचे हा दुसरा वेब सर्व्हर एकदा असंच बसवला होता तेव्हा आधी एपीआर (त्याला लागणारी लायब्ररी) शोधा, मग एपीआर-युटिल शोधा असं चाललं होतं, इथे मुख्य तीनच लायब्ररी: रीराइटसाठी पीसीआरई, जीझिपसाठी झेडलिब आणि टीएलएससाठी (एचटीटीपीएसचं एनक्रिप्शन) ओपनएसएसएल. पण त्यांची डेव्हलपमेंट पॅकेजेस हवीत हां, नुसती लायब्ररी असून चालत नाही. मी तिथेच पहिली आपटले, पीसीआरई मशीनवर आहे हे मला डोळ्यांनी दिसतंय आणि कॉन्फिगर म्हणतंय नाहीच, कारण त्याला हव्यात हेडर फाइली.

आता माझी मोठी चूक ऐका. कॉन्फिगर संपलं की शेवटी छोटा सारांश छापला जातो, कोणती लायब्ररी घेतली, फाइली कुठे जाणार वगैरे. त्यात एक ओळ स्पष्ट होती, ‘ओपनएसएसएल लायब्ररी इज नॉट यूज्ड’. मी वाचलीच नाही, एरर नाही ना मग चला पुढे. मेक झालं, इन्स्टॉल झालं, जुनी कॉन्फिग फाइल आणून ठेवली आणि टेस्ट मारली तर ‘इमर्ज’ लिहून आलं की लिसनमधल्या एसएसएल पॅरामीटरला एसएसएल मॉड्यूल लागतं. म्हणजे आजच्या काळातला वेब सर्व्हर आणि एचटीटीपीएस आपणहून घेत नाही! विथ-एचटीटीपी-एसएसएल-मॉड्यूल हा फ्लॅग (कॉन्फिगरला द्यायचा पर्याय) तुम्ही स्वतः द्यायचा, एचटीटीपी-२ चा वेगळा, एचटीटीपी-३ चा आणखी वेगळा. आधी चिडले, मग कळलं की या सॉफ्टवेअरचा स्वभावच तो आहे, मागितलं नाही तर देणार नाही. शहाणपणाची वाट म्हणजे जुन्या पॅकेजच्या बायनरीला कॅपिटल व्ही लावून विचारायचं, ती कोणत्या फ्लॅगने बनली ते सगळं ओकते, तेच उचलायचं आणि हवं ते त्यात घालायचं. हे मला पहिल्या रात्री सुचलं असतं तर हा रिव्ह्यू निम्म्यात संपला असता.

अजून एक. पाथ दिला नाही तर सगळं यूएसआर-लोकलखाली वेगळ्याच फोल्डरमध्ये जातं, आणि सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारी यंत्रणा) सर्व्हिस फाइल कोणी बनवून देत नाही, ती आपणच लिहायची. मी नवीन चालू करायला गेले तर ८० नंबरच्या पोर्टवर ‘अॅड्रेस ऑलरेडी इन यूज’, कारण जुनं पॅकेजवालं इंजिनएक्स मागे निवांत चालूच होतं. घरात दोन कारभारी.

चालू झाल्यावर मात्र मजा आहे. इगोर सिसोएव्हने हे २००४ मध्ये लोकांसाठी खुलं केलं तेव्हा प्रश्न होता एका मशीनवर दहा हजार कनेक्शन कशी सांभाळायची हा, म्हणून प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस न देता मोजके वर्कर आणि प्रत्येक वर्कर हजारो कनेक्शन बघतो. दहा हजार रिकामी कीप-अलाइव्ह कनेक्शन साधारण अडीच एमबी मेमरी घेतात असं ते स्वतः सांगतात. मी मोजलं नाही, पण माझ्या छोट्या सर्व्हरवर मेमरी खातंय ते मागचं अॅप्लिकेशन, हा बिचारा यादीत पार खाली असतो.

एचटीटीपी-३ ने मात्र घाम काढला. एचटीटीपी-३ च्या खालचा प्रोटोकॉल क्विक (QUIC) चालतो यूडीपीवर, नेहमीच्या टीसीपीवर नाही, आणि मी फायरवॉलमध्ये ४४३ उघडला होता फक्त टीसीपीचा. एरर कुठेच नाही, साइट झकास उघडतेय, कारण ब्राउझर गुपचूप एचटीटीपी-२ वर येतो. यूडीपी उघडला, तरी नाही. मग कळलं की ‘ऑल्ट-एसव्हीसी’ हेडर पाठवल्याशिवाय ब्राउझरला पत्ताच लागत नाही की इथे एच-३ आहे. तो सर्व्हर ब्लॉकमध्ये घातला, तरी नाही! लोकेशन ब्लॉकमध्ये आधीपासून कॅशसाठी एक अॅड-हेडर होतं, आणि आतल्या ब्लॉकमध्ये एक जरी अॅड-हेडर असलं तर वरची सगळी गळून पडतात. हे डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, एका वाक्यात, आणि ते वाक्य शोधायला मला रात्रीचे दोन वाजले. डॉक्युमेंटेशन अचूक आहे पण इतकं कंजूष की शब्दागणिक पैसे पडत असावेत.

प्रॉक्सी-पास, म्हणजे रिक्वेस्ट मागच्या अॅपकडे पाठवणारी सेटिंग, तिच्या शेवटच्या स्लॅशबद्दलही बोललं पाहिजे. लोकेशन ‘/एपीआय/’ आहे आणि प्रॉक्सी-पासच्या पत्त्याशेवटी स्लॅश दिला तर मागच्या अॅपला पाथ जातो ‘एपीआय’ कापून, स्लॅश नाही दिला तर अख्खा जातो. एका टिंबाएवढ्या रेघेवर सगळे राउट ४०४. अपाचेवरून येणाऱ्यांनी एचटीअॅक्सेस फाइल (फोल्डरपुरत्या सेटिंगची) विसरायची, इथे ती नाहीच, आणि मोठी फाइल अपलोड करताना ४१३ आला तर घाबरू नका, बॉडी साइजची मर्यादा मुळातच १ एमबी आहे, वाढवा.

साडेचार स्टार. अर्धा कापला तो अपडेटसाठी, कारण सोर्समधून बसवलं की सिक्युरिटी फिक्स आपोआप येत नाहीत, घोषणांवर लक्ष ठेवायचं काम आपलं, आणि ओपनएसएसएल स्टॅटिक जोडलं असेल तर त्याचंही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सरळ पॅकेज घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही.

पण अपग्रेडची पद्धत मात्र देखणी आहे. मेक इन्स्टॉल तुमच्या कॉन्फिगला हात लावत नाही, जुनी बायनरी ‘ओल्ड’ नावाने बाजूला ठेवतं, मग मेक अपग्रेड म्हटलं की जुन्या मास्टरला (मुख्य प्रोसेसला) यूएसआर-२ सिग्नल जातो, नवीन मास्टर उभा राहतो आणि जुना हातातल्या रिक्वेस्ट संपवून निघून जातो. परवा भर दुपारी केलं, एका विंडोत अॅक्सेस लॉग चालू ठेवून. ओळी पळतच होत्या, मधे एकही ५०२ एरर नाही, आणि पीएस मारलं तर सगळे पीआयडी (प्रोसेस क्रमांक) नवे.