साधी लोकल की एसी लोकल?

डोंबिवलीहून दादरला नोकरीसाठी जाऊ लागलेल्या माझ्या भाचीला पास कोणता काढावा, हा प्रश्न पडला आहे. साधा पास पुष्कळ स्वस्त आणि गाड्याही जास्त. एसी लोकल चुकली की पुढची बऱ्याच वेळाने. मात्र मुंबईच्या उपनगरी मार्गांवर माणसे दगावतात ती मुख्यतः रूळ ओलांडताना आणि गर्दीच्या गाडीतून पडून. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, ते याच दुसऱ्या कारणाने. दारातल्या दांड्यावरची घामट बोटे एका हिसक्यात सुटतात; एसी लोकलची दारे धावत्या गाडीत बंदच राहतात. कामाची वेळ ठरलेली असेल, तर एसीचा पास घ्यावा. वेळा बदलत्या असतील किंवा खर्च परवडत नसेल, तर साधा, पण भरलेली गाडी सोडण्याची तयारी ठेवूनच.