नीम ऑइल की इन्सेक्ट नेट? घरच्या भाजीवर दोन्ही वापरून झालेलं माझं मत

भाजीला कीड दिसली की पहिला सल्ला मिळतो तो नीम ऑइल मारा, आणि त्याच्या मागोमाग कोणीतरी सांगतं की जाळी लावा आणि मोकळे व्हा. मी सुरुवातीची चार वर्षं फक्त तेलावर काढली, गेली तीन वर्षं जाळीवर आहे, आणि मध्ये एकदा दोन्ही शेजारी शेजारी करून बघितलं, एका वाफ्यावर जाळी, बाजूच्यावर फवारणी, रोपं एकाच ट्रेमधली. मोजमाप काही ठेवलेलं नाही, डोळ्यांना जे दिसलं ते सांगतोय. रासायनिक औषधं यात घेतली नाहीत कारण तोडली की लगेच पोटात जाणाऱ्या भाजीवर मला ती नकोच होती.

आधी तेलाची बाजू, कारण ते वाईट आहे असं माझं बिलकुल म्हणणं नाही. मावा, पांढऱ्या माशीची पिल्लं, तुडतुडे, लहान अळ्या, यांच्यावर नीट मारलं तर फरक पडतो. फक्त लोकांची अपेक्षा असते की संध्याकाळी मारलं आणि सकाळी कीड पडलेली दिसली पाहिजे, तसं त्याचं काम नाही. त्यातलं अझाडिरॅक्टिन नावाचं द्रव्य किडीची भूक मारतं आणि तिची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतं, म्हणजे अळी झाडावर दिसत राहते पण खाणं कमी होतं आणि वाढ अडते, चार-पाच दिवस धीर धरावा लागतो. बाटली घेताना ते कोल्ड प्रेस्ड, म्हणजे गरम न करता काढलेलं आहे का, किंवा अझाडिरॅक्टिन किती आहे ते पीपीएममध्ये (दहा लाखात किती भाग) लिहिलंय का हे बघा. नुसतं शुद्ध करून घेतलेलं स्वच्छ पिवळं तेल असेल तर त्यात अझाडिरॅक्टिन जवळपास उरलेलंच नसतं, मग ते फक्त किडीच्या अंगावर तेलाचा थर बसवून गुदमरवण्यापुरतं राहतं.

माझं खरं बिनसलं ते तेल आणि पाणी एकत्र ठेवण्यावरून. कृती सगळ्यांना माहीत आहे, लिटरभर कोमट पाण्यात आधी लिक्विड सोप, मग 5 मिली तेल, ढवळलं की दुधासारखं पांढरट होतं आणि वाटतं झालं काम. पण दहा-पंधरा मिनिटं थांबा, वर तेलाचा तवंग यायला लागतो. स्प्रे पंपाची नळी ओढते तळातून, म्हणजे पहिल्या झाडांना जवळजवळ साबणाचं पाणी मिळतं आणि पंप संपत आला की शेवटच्या दोन-तीन झाडांवर घट्ट तेल जातं. माझ्या रांगेत शेवटी मिरच्या होत्या. त्यांच्या पानांच्या कडा तपकिरी व्हायच्या, पोळल्यासारख्या, मधली पानं चकाकत राहायची आणि हाताला चिकट लागायची. मी बरेच दिवस तो करपा समजलो आणि त्यावर उपाय म्हणून अजून तेल मारलं! शेवटी एका आठवड्यात फवारणी उलट्या टोकाने सुरू केली, आणि नवीन पोळलेली पानं दुसऱ्या टोकाच्या टोमॅटोवर दिसली. तेव्हा कळलं की रोग नव्हताच, पंपातलं शेवटचं पाणी होतं.

त्यानंतर दर तीन झाडांनी पंप हलवायचा नियम केला. पण किडी बसतात पानाच्या खाली, म्हणून नोझल वर करून प्रत्येक पान उलटून मारायचं, मध्येच नोझल चोंदतं, ते सुईने साफ करायचं, तोपर्यंत पंपात तवंग आलेला असतो की परत हलवा. हे सगळं करायचं संध्याकाळीच, कारण उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होतं, तेल लावलेलं पान उन्हात भाजतं आणि दिवसा मधमाश्या फुलांवर असतात. उरलेलं मिश्रण ठेवून चालत नाही. रात्री पाऊस आला तर बरंचसं धुऊन गेलं. थंडीत तेल बाटलीतच गोठतं, मग आधी बाटली गरम पाण्यात उभी करा. आणि परत सात दिवसांनी हेच. मी कामावरून घरी येईपर्यंत अंधार पडायला आलेला असतो, त्यामुळे दर आठवड्याची एक ठरलेली संध्याकाळ सांभाळणं मला नाही जमलं. कोणाला जमत असेल तर त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा चांगला असू शकतो, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

एका वर्षी दोन आठवडे चुकले आणि टोमॅटोची नवीन पानं वाटीसारखी वर वळली, बारीक, पिवळट, झाड तिथल्या तिथे खुंटलं. लीफ कर्लचा व्हायरस, आणलेला पांढऱ्या माशीने. हा एकदा शिरला की त्यावर औषध नाही, झाड उपटूनच टाकावं लागतं. माशीने थोडा वेळ रस शोषला तरी व्हायरस झाडात जातो, आणि तेलाचं काम तर दिवसांच्या हिशोबाने चालतं, मग ते आधी पोचणार कसं? वांग्याचंही तेच, पोखरणारी अळी अंड्यातून निघाली की लवकरच शेंड्यात किंवा फळात शिरते, शेंडा मान टाकतो तेव्हा आपल्याला समजतं, आणि आत बसलेल्या अळीला बाहेरून कितीही फवारा, तिला काही लागत नाही.

जाळीचा मुद्दा इथे सुरू होतो, कारण ती कीड मारत नाही, तिला झाडापर्यंत येऊच देत नाही. 40 मेश म्हणजे इंचाला 40 घरं, भोक साधारण 0.4 मिमीचं, यातून फुलपाखरं, पतंग, फळमाशी कोणी आत येत नाही. पांढऱ्या माशीसाठी 50 मेश बरी, भोक 0.3 मिमीच्या आसपास. फुलकिडे त्यातूनही शिरू शकतात, त्यांना अडवेल इतकी बारीक जाळी लावली तर आत हवा खेळत नाही म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

पण जाळी लावली आणि विसरलो असं मात्र नाही, तिचे स्वतःचे त्रास आहेत आणि ते मी भोगलेत. पहिल्या वर्षी मी कोबीवर जाळी नुसती पसरून टाकली, पानांना टेकलेली. पांढरं फुलपाखरू बाहेरून जाळीवर बसलं, पोटाचं टोक खाली वाकवलं आणि जिथे पान जाळीला टेकलं होतं तिथेच भोकातून अंडं चिकटवून गेलं, मी समोर उभा राहून बघत होतो. तेव्हापासून पाइपच्या कमानी लावतो, जाळी पानापासून वीतभर लांब, आणि कडा मातीत दाबून त्यावर विटा.

दुसरं म्हणजे मावा. रोपाबरोबर एखादा जरी आत गेला तर मादीला नराची गरज नसते, ती थेट पिल्लंच घालते, ती पिल्लं साधारण आठवड्याभरात मोठी होऊन परत पिल्लं घालतात, आणि ज्या लेडीबर्ड भुंग्यांनी त्यांना खाल्लं असतं ते जाळीबाहेर राहतात. त्यामुळे जाळी कीड दिसल्यावर लावायची गोष्ट नाही, रोप लावलं त्याच दिवशी, आणि त्याआधी प्रत्येक पान उलटून बघून. मागच्या हंगामात ज्या वाफ्यात अळी होती तिथेच परत जाळी टाकू नका, बऱ्याच अळ्या मातीत कोषात जातात आणि पतंग होऊन जाळीच्या आतच बाहेर येतील. दमट हवेत गर्दी असेल तर आत भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, पटकन येते, म्हणून मी रोपांत अंतर जास्त ठेवतो आणि खालची पानं काढत राहतो.

परागीभवन हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर भाजीवर आहे. पालेभाज्या आणि कोबीला प्रश्नच नाही. टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या एकाच फुलात सगळं असतं, सकाळी फुलांच्या दांड्याला टिचकी मारत गेलं की फळ धरतं, दोन मिनिटांचं काम. काकडी, दुधी, दोडका यांची नर-मादी फुलं वेगळी, मधमाशीसारखा परागकण नेणारा कीटक आत आलाच पाहिजे नाहीतर पिटुकली काकडी पिवळी पडून गळते. तिथे मादी फुलं दिसायला लागली की जाळी काढावी लागते.

पिवळे चिकट सापळे दोन्हींबरोबर वापरतो, पण त्यांचा उपयोग माशी आली का हे समजण्यापुरता धरा. आणि टोमॅटोच्या बुडाला काळा खोलगट डाग पडत असेल तर तेल आणि जाळी दोन्ही बाजूला ठेवा. ती कीड नाही, पाणी कधी खूप कधी अजिबात नाही असं झालं की फळाला कॅल्शियम पोचत नाही. पाण्याची वेळ नियमित करा.

आता ठरवायचं असेल तर, चार-पाच कुंड्या असतील, त्यांच्यात रोज फिरणं होत असेल आणि पानं उलटून बघायची सवय असेल तर तेल पुरेल कदाचित, तेवढ्यासाठी कमानी उभ्या करण्यात अर्थ नाही. पण वाफे असतील, टोमॅटो-वांगी मुख्य असतील आणि आठवड्याची ती संध्याकाळ हातात नसेल तर मी जाळीच म्हणेन. पहिला शनिवार-रविवार तिच्यात जातो हे खरं, पण त्यानंतर मला फक्त कडा सुटल्या का, कुठे फाटली का एवढं बघावं लागतं.

तेलाची बाटली अजून आहे माझ्याकडे. काकडीवरची जाळी काढली की त्या दोन वेलांपुरतं अर्धा लिटर बनवतो, एवढं लहान माप तवंग यायच्या आत संपतं, आणि मावा मोजक्याच पानांवर असेल तर तेही करत नाही, नळाच्या पाण्याच्या धारेने पान खालून धुऊन काढतो.