म्हाताऱ्या मांजराचं सलाईन: दवाखान्यात की घरी?

मांजर म्हातारं झालं, मूत्रपिंडं थकली आणि डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन सुचवलं, की लगेच प्रश्न पडतो: दर वेळी दवाखान्यात न्यायचं की घरी आपणच द्यायचं? आमच्या ठकीला 16व्या वर्षी हे सुरू झालं. दिवसाआड 100 मिली रिंगर लॅक्टेट, म्हणजे क्षार मिसळलेलं सलाईन. पहिले दोन महिने दवाखान्यात, नंतर वर्षभर घरी.

दवाखान्याची बाजू भक्कम आहे. सराईत हात असतो, सुई एकदाच टोचली जाते. दर खेपेला वजन होतं, हे तर फारच मोलाचं. तीन किलोच्या मांजराचं 200 ग्रॅम वजन उतरलेलं रोज बघणाऱ्या डोळ्यांना कळत नाही. हृदय कमकुवत असेल तर जास्तीचं पाणी छातीत साठू शकतं. अशा मांजरासाठी मीही दवाखानाच म्हणेन.

आम्हाला नकोसा झाला तो कॅरियर, म्हणजे मांजर न्यायचा पेटीसारखा पिंजरा. त्याच्या दाराची कडी वाजली की ठकी कपाटामागे जाऊन बसायची. दुखऱ्या सांध्यांच्या जिवाला तिथून ओढून काढणं फार जिवावर यायचं. तरी तेवढंच असतं तर निभावलं असतं. परत आल्यावर मात्र रात्रीपर्यंत ती ताटलीकडे फिरकायची नाही. या आजारात रक्तात साठलेल्या घाणीमुळे मांजराला आधीच मळमळतं, अन्नावरची वासना उडते. शिवाय मांजराचं पोट सलग काही दिवस रिकामं राहिलं तर यकृतावर चरबी चढते. दिवसाआड सलाईन म्हणजे आमच्याकडे दिवसाआड उपास व्हायला लागला. अंगात पाणी भरायला न्यायचं आणि भूक घालवून आणायचं, हे मला बघवेना.

घरचा पहिला आठवडा वाईट गेला, हे लपवत नाही. हात थरथरायचा. एकदा सुई कातडीच्या पलीकडून बाहेर आली आणि सगळं पाणी तिच्या केसांतून माझ्या मांडीवर. खांद्यांमधली कातडी चिमटीत नीट वर उचलायची आणि तिच्या बुडाशी सुई घालायची, हे जमायला पाच-सहा खेपा लागल्या. मग बारकावे कळत गेले. पिशवी जितकी उंच टांगाल तितकी धार चांगली. आधी ती कोमट पाण्यात ठेवायची आणि थेंबभर मनगटावर पाडून बघायचा; गार सलाईनला ठकी लगेच अंग चोरायची. 22 नंबरची बारीक सुई कमी टोचते, पण इतका वेळ लागतो की मांजराचा धीर सुटतो. 18 नंबरची जाड सुई भराभर देते, मात्र टोचते. आम्हाला 20 मानवली. दर वेळी नवी सुई, यात काटकसर नको. नंतर पाठीवर आलेला फुगा हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतो. पहिल्यांदा मी घाबरलो होतो, पण काही तासांत तो जिरतो.

सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती: ती माझ्या हाताला घाबरायला लागली तर? म्हणून तिच्या झोपायच्या जागेपासून लांब एक कोपरा ठरवला. सलाईन फक्त तिथेच. थोडे दिवस ती माझ्याकडे संशयाने बघत होती, नंतर ते थांबलं. आणि सुई काढल्यावर अर्ध्या तासात ती जेवायला यायची. मी कसलंही मोजमाप केलेलं नाही, पण माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

वजनासाठी आम्ही तान्ह्या बाळांचा काटा आणला. रक्त तपासायला मात्र अधूनमधून कॅरियर काढावाच लागला. घरी धरायला दुसरं माणूस नसेल, मांजर चावरं असेल किंवा तुम्हाला सुई बघवत नसेल, तर दवाखान्यात नेण्यात काहीही कमीपणा नाही. पण मन थोडंसं जरी घरच्या बाजूला झुकत असेल, तर डॉक्टरांसमोर दोन-तीनदा स्वतःच्या हाताने देऊन बघा. त्या दिवशी मांजर घरी येऊन किती वाजता जेवतं, तेही लक्षात ठेवा.